नऊशे नव्व्याण्णवच्या पुढची म्हैस

९९३

पशुगणना. तालुका मंगरूळपीर.
वस्ती : हेमसिंग नाईकाचा तांडा.
घरे : एकसष्ट.
एकूण जनावरे (गाई, बैल, म्हशी, शेळ्या मिळून) : ४३.
गणकयंत्राने पडताळले.
शेरा : गुरांचा दवाखाना हजार जनावरांमागे एक मिळतो. सबब अर्ज नामंजूर. आणखी ९५७ जनावरे झाल्यास पुन्हा अर्ज करावा.

९९४

हा कागद हेमसिंग नाईकानं तिघांकडून वाचून घेतला. तिघांनीही त्रेचाळीसच वाचलं. मग कागद पागोट्यात खोचून, बायकोला, धनीबाईला, सोबत घेऊन तो दोन कोस चालत मंगरूळपीरला आला.

मोजणीची कचेरी म्हणजे कापसाचं रिकामं गोदाम. एक टेबल, एक खुर्ची. टेबलावर काळं लोखंडी गणकयंत्र आणि खुर्चीवर पदमचंद. हा कारंज्याच्या एका जैन कापड दुकानदाराचा मुलगा, पंधरा दिवसांचं शिक्षण घेऊन यंत्र चालवायला आलेला. दारात लखमा चपराशी, तो कसलंच शिक्षण न घेता आलेला.

"रामराम शेठ. हे त्रेचाळीस कोनं मोजले?"

"यंत्रानं."

"थे आलं व्हतं का तांड्यात?"

"यंत्र कुठं जात नाही, नाईक. घराघरातून आलेले आकडे मी त्यात भरतो. बेरीज ते करतं."

"त्रेचाळीस तं आमच्या एकट्याच्या गोठ्यात हायेत," धनीबाई म्हणाली. "बाकीचे साठ घरं काय कोंबडे पाळून राह्यले?"

"कोंबडे यात धरत नाहीत, बाई."

"मंग माणसं धरले असन."

हेमसिंग यंत्राजवळ गेला. त्यानं दांड्याकडे पाहिलं, दांड्याला हात लावला नाही. "शेठ, मांगच्या साली खुरकूत आली. वाशीमले डॉक्टरापाशी नेता नेता सतरा जनावरं रस्त्यात बसली. बसली ते बसलीच. यंदा बी येईन. मले दवाखाना तांड्यात पाह्यजे. या डब्याले सांगा."

पदमचंदनं एकसष्ट घरांचा तक्ता काढला. दुपारचे तीन वाजले होते.

९९५

यंत्राला खाली आकड्यांच्या खिडक्या होत्या. उजवीकडून एकं, दहं, शतं, हजार, पुढे आणखी चार. वरच्या खाचांतल्या कळा सरकवून आकडा लावायचा, दांडा एकदा फिरवायचा, की तो आकडा खिडकीतल्या आकड्यात मिळवला जाई. एकसष्ट घरं म्हणजे एकसष्ट फेरे.

शेवटचा फेरा झाला. खिडकीत आलं : १०४३.

"हे पाहा!" पदमचंद म्हणाला. "एक हजार त्रेचाळीस. त्या दिवशी माझ्याच हातून काही चुकलं असेल."

"मंग लिवा."

"लिहितो. पण नियम आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पुन्हा तोच आकडा आला पाहिजे. उद्या सकाळी या."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता, पौषातल्या थंडीत, उपरणी कानांभोवती गुंडाळून सगळे जमले. तोच तक्ता, तोच पदमचंद, एकसष्ट फेरे.

४३.

"रातीतून हजार जनावरं गेली कुठं?" हेमसिंगनं विचारलं.

"चोरी असन," लखमा म्हणाला.

"तू दारात व्हता ना बह्याडा!"

"मी होतो म्हनूनच सांगून राह्यलो. कोनी गेलं नाही."

९९६

(पदमचंदच्या वहीतून)

मंगळवार, सकाळी ८. आकडा ४३. यंत्राच्या फटीतून एक मुंगी बाहेर आली. आत आणखी असणार. जीव आत असताना दांडा फिरवणं माझ्याच्यानं होणार नाही. त्यांनी आपणहून बाहेर यावं म्हणून टेबलाच्या कडेला गुळाचा खडा ठेवला.

मंगळवार, सकाळी ९. गुळाकडे जाण्यासाठी बाहेरच्या मुंग्यांनी यंत्रातून रस्ता केला आहे.

मंगळवार, सकाळी १०. गूळ दारापाशी हलवला. रांग लांबली. लखमा रांगेला नमस्कार करून बाजारात गेला.

मंगळवार, दुपारी १. शेवटची मुंगी बाहेर. फेरे घेतले. १०४३! कारण सापडलं : मुंगी. निश्चित.

बुधवार, सकाळी ८. मुंगी नाही. ४३.

बुधवार. लखमाचं म्हणणं, टेबलाचा एक पाय आखूड आहे, हजार जनावरं उतारानं घसरतात. पायाखाली वीट ठेवली. दुसरा पाय आखूड झाला. त्याखाली करवंटी. मग तिसरा. चारही पाय सारखे व्हायला दुपारचे दोन वाजले. १०४३. कारण : टेबल. मुंगीवर उगाच आळ घेतला.

गुरुवार, सकाळी ८. टेबल सपाट. मुंगी नाही. ४३.

गुरुवार. नाईक म्हणतात नजर लागली. विचारलं कोणाला, तर म्हणाले यंत्राला, इतकं काळं आणि चकचकीत तालुक्यात दुसरं काही नाही. धनीबाईंनी यंत्रावरून मीठ-मिरच्या ओवाळून शेगडीत टाकल्या. कचेरी खोकत बाहेर पडली. बारापर्यंत आत जाता येईना. साडेबाराला फेरे घेतले. १०४३. कारण : लिहायला लाज वाटते.

शुक्रवार, सकाळी ८. ४३.

शेरा : प्रत्येक इलाज दुपारी लागू पडतो आणि सकाळपर्यंत उतरतो.

९९७

शनिवारी पदमचंदनं ठरवलं की यंत्राला दोष देण्याआधी तक्ता तपासावा. कदाचित मुळातच आकडे चुकीचे आले असतील. त्यानं एकेक घर मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"सोमला, घर पहिलं. जनावरं सोळा."

धनीबाई हसली.

"काय झालं?"

"सोमल्याचे सतरा हायेत."

"बाबूसिंग. एकवीस."

"बावीस."

"बाई, तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"कोनी इचारलं? शेठ, गोठ्याचा पुरा आकडा कोनी बोलते का? एक जनावर मनात ठेवा लागते. पुरं बोललं का नजर लागन, मंग दवाखाना येऊन काय करन?"

"म्हणजे प्रत्येक घरात एक कमी सांगितलंय?"

"घरटी एक."

"नाईक, तुमच्याही घरात? त्रेचाळीस म्हणालात!"

"चव्वेचाळीस," हेमसिंग बारीक आवाजात म्हणाला, आणि लगेच भिंतीवर तीनदा टकटक केली. "आता तुमी अठी लिवलं, तं या डब्याची नजर काढाच लागन."

"एकदा काढली ना!" पदमचंदला आत्ताच खोकला यायला लागला.

घरटी एक वाढवून नवा तक्ता झाला. एकसष्ट वाढले. हातानं केलेली बेरीज अकराशे चार. पण हातानं केलेली बेरीज कचेरीत धरत नसत. शिक्का 'गणकयंत्राने पडताळले' असाच होता, दुसरा शिक्काच नव्हता.

सोमवारी सकाळी आठला यंत्रानं सांगितलं : १०४.

पदमचंद उठून उभाच राहिला. "त्रेचाळीसचे एकशे चार झाले! नाईक, सुधारणा आहे! या गतीनं…"

"या गतीनं हजार व्हायले किती घरांनी खोटं बोललेलं पाह्यजे?" धनीबाईनं विचारलं.

पदमचंद बसला.

९९८

खरी गोष्ट लखमानं सांगितली, आणि तीही विडी पेटवता पेटवता, कोणी विचारलेलं नसताना.

"मुंग्या गेल्या दुपारी. टेबल सरळ झाला दुपारी. नजर उतरली दुपारी. शेठ, तुमी काही नोका करू. नुसते दुपारपर्यंत बसा."

त्या दिवशी कोणीच काही केलं नाही. असं सगळ्यांना पहिल्यांदाच जमलं. दुपारी एकला खिडकीतून ऊन यंत्रावर आलं, फेरे घेतले, आणि आकडा आला ११०४.

"थंडीत अडते," धनीबाई म्हणाली. "माही कंबर बी अशीच हाये. ऊन लागलं का सुटते."

मग पदमचंदनं धीर करून यंत्राच्या तळाचे चार स्क्रू काढले. आत चाकंच चाकं. प्रत्येक चाकाशेजारी एक पोलादी बोट होतं. चाक नवावरून शून्यावर आलं की बोट शेजारच्या चाकाला एक घर पुढे ढकलणार, म्हणजे आपला हातचा एक. सगळी बोटं टोकदार होती. फक्त शतं आणि हजार यांच्यामधलं बोट झिजून वाटाण्यासारखं गोल झालं होतं. सकाळी वंगण गोठलेलं असे, तेव्हा ते पोचतच नसे. दुपारी वंगण सुटलं की कसंबसं पोचे. हातचा एक, म्हणजे अख्खे हजार, त्या बोटाच्या टोकावर अवलंबून होते.

"मुंगीचा काही दोष नव्हता," पदमचंद हळूच म्हणाला.

दुखणं कळलं तशी काळजी सुरू झाली. लखमा रोज यंत्राला अंगणात उन्हाला बसवी, वर घोंगडी टाकी, जाणाऱ्या-येणाऱ्याला "बिमार हाये" असं सांगे. तीन दिवस दुपारचा आकडा बरोबर आला. चौथ्या दिवशी भर उन्हात तीन वाजता यंत्र म्हणालं : १०४. शेगडीजवळ ठेवलं, १०४. बोट आता उन्हातही पोचेना. नवं बोट परदेशातून यायचं होतं, सहा महिन्यांनी. खुरकूत सहा महिने थांबत नाही.

पदमचंदनं वरच्या कचेरीला सगळं कळवलं. उत्तर आलं :

"यंत्र नवे आहे, सबब बिघडणे शक्य नाही. तरी प्रत्यक्ष शहानिशा करण्यात येईल. सोमवारी सकाळच्या मोटारीने साहेब येतील व अकराच्या मोटारीने परत जातील."

"परत्यक्ष म्हंजे?" हेमसिंगनं विचारलं.

"डोळ्यांसमोर."

"सगळी?"

"नाईक, तसं नाही, म्हणजे तक्ता वगैरे…"

पण नाईक निघून गेला होता.

९९९

सोमवारी सकाळी साहेब मोटारीतून उतरले तेव्हा त्यांना कचेरी दिसलीच नाही. गोदामाभोवती शिंगं होती.

"हे काय आहे?"

"प्रत्यक्ष, साहेब," पदमचंद म्हणाला.

हेमसिंग पुढे आला. "रामराम साहेब. जनावर खिडकीपुढून जाईन, शेठ दांडा फिरवन. एक जनावर, एक फेरा. तुमी पाहा. मंग मशीन खोटं का मी खोटा, थे सांगून टाका."

साहेबांनी घड्याळ पाहिलं, मग जनावरांकडे. पहिल्या बैलानं त्यांच्या कोटाचा वास घेतला. "सुरू करा," ते घाईनं म्हणाले.

एक. दोन. तीन.

चाळीसपर्यंत फार शिस्त होती.

एकेचाळीसावी शेळी खिडकीतून आत आली आणि मोजणीचं नियमपत्रक क्रमांक दोन खाऊन बाहेर गेली.

"ही धरायची का?" पदमचंदनं विचारलं.

"आत येताना एक. बाहेर जाताना नाही," साहेबांनी निर्णय दिला.

एकशे बारा. दोनशे सहा. पदमचंदनं हात बदलला. तीनशे. लखमा दारात उभा राहून प्रत्येक जनावराला "या" म्हणत होता. चारशे सत्तरला एक बैल उभाच राहिला. तो देवाचा बैल, त्याच्यावर कोणी ओझं टाकत नसे की त्याला हाकलत नसे. तो आपणहून जाईपर्यंत सगळी पशुगणना थांबली. साहेबांनीही टोपी काढली. पाचशे. सहाशे नव्वद. पदमचंदनं पुन्हा हात बदलला. आठशे. नऊशे. नऊशे नव्वद.

आता सगळे यंत्राच्या खिडक्यांकडे वळले.

नऊशे सत्त्याण्णव. शेळी.

नऊशे अठ्ठ्याण्णव. तिचं करडू.

नऊशे नव्व्याण्णव. बाबूसिंगचा खोंड.

मग धनीबाईची म्हैस आली. खिडकीसमोर थांबली. पदमचंदनं दांडा फिरवला.

०००

"किती?" साहेब म्हणाले.

"शून्य."

"काय शून्य?"

"तांड्यात एकही जनावर नाही, साहेब."

म्हशीनं तिथंच बसकण मारली.

साहेब चष्मा पुसून यंत्रावर वाकले. तिन्ही नवांच्या जागी तीन शून्यं आली होती आणि हजाराच्या खिडकीतही शून्यच होतं. पलीकडे नजर जाईल तिथवर जनावरं रवंथ करत होती.

"नऊशे नव्व्याण्णवपर्यंत यंत्र बरोबर चाललं," साहेब विचारपूर्वक म्हणाले. "म्हणजे दोष या म्हशीत आहे."

"माह्या म्हशीत!" धनीबाई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बाई, शांत राहा. ही शास्त्रीय पद्धत आहे. जनावर बदलून पाहा."

पदमचंदनं नऊशे नव्व्याण्णव पुन्हा लावले. म्हैस उठेना, म्हणून तिच्या बाजूनं एक शेळी काढली. शून्य. पुन्हा लावले, गाय काढली. शून्य. पुन्हा लावले, लखमाला काढलं.

शून्य.

"म्हैस निर्दोष आहे," साहेबांनी जाहीर केलं. धनीबाईनं म्हशीची पाठ थोपटली. "दोष हजारात आहे. पण यंत्राचा आकडा तोच सरकारी आकडा. यंत्र हजार दाखवत नाही, तर मी हजार लिहू कसा? साडेदहा वाजलेत. माझी मोटार…"

हेमसिंगनं पागोटं काढून हातात घेतलं आणि वाशीमच्या रस्त्याकडे पाहत राहिला.

त्याचं ते उघडं डोकं पाहून धनीबाई पदमचंदकडे वळली. "शेठ, थे झिजलेलं बोट कोनत्या दोन चाकांमंधी हाये?"

"शतं आणि हजार."

"आन् हजाराच्या पल्याडचे चाकं?"

"ठणठणीत आहेत. पण तिथपर्यंत आकडा जातच नाही."

"खळ्यावर मळणीची पात धरतो तवा एखांदा बैल असा निघते. मंधल्या मेढीच्या खांबाभोवती बाकीचे चालतात, हा झोपते. त्याले काय आपन शिकवत बसतो? त्याच्या पल्याडचे बैल जुंपतो. अल्याडच्यांले झोपू देतो."

पदमचंदनं तिच्याकडे पाहिलं. मग यंत्राकडे. मग पहिल्या तीन खिडक्यांवर त्यानं चक्क हात ठेवला, झाकूनच टाकल्या. मोजणी एकंपासून सुरू करायचीच नाही. हजारच्या खिडकीलाच एकं समजायचं! एका जनावराला हजार लावायचे. तीन खिडक्या शून्यावर झोपून राहतील, त्यांच्यात नऊचा शून्य होणारच नाही, की झिजलेल्या बोटाला काम पडणारच नाही.

वेळ नव्हता. त्यानं नवा तक्ता घेतला. सोमला, सतरा : सतरा हजार. बाबूसिंग, बावीस : बावीस हजार. हेमसिंग नाईक, चव्वेचाळीस हजार.

"श्रीमंत झालो," हेमसिंग पुटपुटला.

एकसष्टावा फेरा झाला तेव्हा खिडकीत आकडा उभा होता : ११०४०००.

"दुसऱ्यांदा करा," साहेब म्हणाले.

दुसऱ्यांदा : ११०४०००. थंडीत. सावलीत.

"अकरा लाख चार हजार?"

"अकराशे चार, साहेब. शेवटची तीन शून्यं झोपलेल्या बैलांची आहेत."

बाहेर मोटारीचा भोंगा वाजला. साहेबांनी सही केली. "यंत्राचा आकडा जसाच्या तसा लिहा. त्यात कमीजास्त करायचा अधिकार तुम्हाला नाही. मलाही नाही."

"पण साहेब, वाचणाऱ्याला…"

"खुलासा मागच्या बाजूला लिहा."

पदमचंदनं मागच्या बाजूला, जैनाला शोभेल अशा काटेकोर अक्षरात लिहिलं : 'शेवटची तीन शून्ये वाचू नयेत.' साहेब शिंगांमधून वाट काढत गेले. म्हैस अजून बसलेलीच होती.

००१

पशुगणना. तालुका मंगरूळपीर.
वस्ती : हेमसिंग नाईकाचा तांडा.
एकूण जनावरे : ११,०४,०००.
गणकयंत्राने पडताळले.
शेरा : हजार जनावरांमागे एक, या नियमाने सदर तांड्यास अकराशे चार दवाखाने देय आहेत. निधीअभावी तूर्त एक देण्यात येत आहे. उर्वरित अकराशे तीन दवाखान्यांबद्दल तांड्याने तगादा लावू नये.

हेमसिंगनं हा कागद तिघांकडून वाचून घेतला आणि तिघांनाही जेवायला बसवलं. पदमचंदला त्यानं निरोप धाडला की आम्ही अकराशे तीनचा तगादा लावणार नाही, शब्द आहे.

फाल्गुनात डॉक्टर आले. तरुण होते. पाठोपाठ औषधांच्या नऊ बैलगाड्या आल्या. पत्र्याच्या नव्या छपराखाली बाटल्या लावता लावता संध्याकाळ झाली तरी सात गाड्या भरलेल्याच होत्या. पहिला रुग्ण सोमलाचा बैल होता, खूर सुजलेला. डॉक्टरांनी तो धुतला, औषध लावलं. बैल लंगडत, पण आपल्या पायांनी, दोनशे पावलांवरच्या आपल्या गोठ्यात गेला. हेमसिंग त्याच्या मागे गोठ्यापर्यंत चालत गेला आणि मग उगाचच परत येऊन पुन्हा एकदा गेला.

डॉक्टर हात पुसत बाहेर आले. त्यांनी तांड्याकडे पाहिलं. एकसष्ट घरं, मधे चिंच, दावणीला काही बैल, उकिरड्यावर चार शेळ्या. त्यांनी खिशातून आपला हुकूम काढला, वाचला, पुन्हा समोर पाहिलं.

"आई," ते धनीबाईला म्हणाले, "मला अकरा लाख सांगितली होती. बाकीची कुठं आहेत?"

धनीबाईनं शेणाची पाटी डोक्यावर चढवली.

"चराले गेलीत."